रूल्फीनबाईंची तीन बिस्किटं

“हे ओरडायला लागलं ना, की त्याच्याशी वाद घालायचा नाही,” दुकानातला बेरेंड म्हणाला. “आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. वाद मग घालायचा.”

साबणाच्या वडीएवढं ते पांढरं यंत्र मी त्याच्या हातातून घेतलं आणि उगाच मान डोलावली. हे तो मला सांगत होता. मला! मी घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षंसुद्धा उभी चिरून देणारी बाई आहे. बागेतल्या झोपाळ्याचे नट मी पाना घेऊन स्वतः आवळते. फेना, माझी चार वर्षांची मुलगी, झोपलेली असली तरी श्वास घेते आहे ना हे बघायला मी अजून तिच्या नाकाशी बोट धरते. मला धोक्याबद्दल शिकवणं म्हणजे माशाला पोहण्याचा क्लास लावणं.

पाच तासांनी मी त्या यंत्राशी वाद घातला, आणि जिंकले. त्या जिंकण्यापायी माझी मुलगी आणि एक एकोणऐंशी वर्षांची बाई, दोघीही हातच्या जाणार होत्या. ते कसं झालं ते लिहिते आहे. नवऱ्याचं म्हणणं, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. असेल. तो त्या वेळी स्वयंपाकघरात नव्हता.

एप्रिलमधला शनिवार होता. एप्रिलच्या शनिवारी आमच्याकडे अर्धा देश तंबूच्या दुकानात असतो. उरलेला अर्धा पार्किंग शोधत असतो. विमानाच्या हँगरएवढं ते दुकान, खाली प्लॅस्टिकची हिरवळ, आणि तिच्यावर दोनशे तंबू उभे करून ठेवलेले. लोक दाराशी बूट काढून आत शिरतात, आडवे होतात, डोळे मिटून पावसाची कल्पना करतात आणि बाहेर येऊन पुढच्या तंबूत शिरतात. देवळात इतकी शांतता आणि इतकी श्रद्धा मी पाहिलेली नाही. फरक एवढाच की देवळात शेजारच्या कापडामागून “तुझी आई आपल्याबरोबर येणार असेल तर मी गाडीत झोपेन” असं ऐकू येत नाही. कापडाच्या भिंतीआड आपलं भांडण खाजगी राहतं, हा समज एका माणसाचा नाही, सगळ्या राष्ट्राचा आहे.

वेसल, माझा नवरा, अकराव्या तंबूत आडवा होता. त्याचा जन्मच जवळजवळ तंबूतला. दर उन्हाळ्यात तीन आठवडे फ्रान्सच्या एखाद्या ओल्या शेतात, बगलेत टॉयलेट पेपरचा रोल धरून रांगेत उभं राहणं, याला तो बालपण म्हणतो. मी शहरात वाढले. आमच्या घरी सुट्टी म्हणजे भिंती असलेली खोली.

“मारित, ये ना आत. बघ कसं वाटतं.”

“कसं वाटायचंय? तुझे पाय बाहेर आलेत.”

“पाय आत घेता येतात. तू तुझी यादी जरा बाजूला ठेव.”

माझ्या यादीत एकवीस गोष्टी होत्या. पहिली, कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र, म्हणजे हवेत तो बिनवासाचा विषारी वायू साचला की ओरडणारं. तंबूत शेगडी पेटवून झोपलेल्या लोकांबद्दल मी जे वाचलं होतं ते मी वेसलला तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा त्याच्या वाढदिवसाला.

“आपण सुट्टीवर चाललोय,” तो आतून म्हणाला. “युद्धावर नाही.”

“युद्धावर जाणाऱ्याला निदान हेल्मेट देतात. तुझ्या आईनं तुला काय दिलं होतं?”

तो थोडा विचारात पडला. “फावडं.”

फेना तेवढ्यात प्रदर्शनातल्या एका घडीच्या बादलीत बसली होती आणि उठायला तयार नव्हती, त्यामुळे बादली घ्यावी लागली. यंत्र घेतलं, रबरी हातोडा घेतला, मेखांचं एक पाकीट घेतलं. तंबू मात्र घेतला नाही. तंबू आम्हाला घ्यायचाच नव्हता. दुकानात आम्ही फक्त झोपायला आलो होतो. वेसलच्या मनात जुनी घडीगाडी होती. तुम्ही पाहिली असेल. मोटारीमागे लावायचा चपटा डबा, झाकण उलटलं की आतून तंबू निघतो, पलंगांसकट. दोन वाजता ती बघायला जायचं ठरलं होतं. जाहिरात वेसलला तोंडपाठ होती: “एकाच मालकाची. कधीही ओली घडी घातलेली नाही. नुसतं बघायला येणाऱ्यांनी येऊ नये.”

“ही बाई मला आत्ताच आवडली,” वेसल म्हणाला.

ओस्टरलो हे आसन शहराच्या पूर्वेला, बटाट्याच्या शेतांमधलं गाव. रूल्फीन एलेवेल्ड नावाच्या त्या बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. पुढचं दार त्या भागात कोणी वापरत नाही. त्यातून नवरी येते आणि प्रेत जातं, बाकी सगळं मागून. बाई उंच, हाडकुळ्या, अंगात निळा एप्रन. आम्ही हात पुढे केला तर त्यांनी आधी आमचे बूट बघितले.

“अट वाचलीत?” त्या म्हणाल्या.

“कसली अट?” वेसलनं विचारलं.

“जाहिरातीत नव्हती. माणसं बघून सांगते. गाडी बागेत आहे. तुम्ही दोघांनी ती उभी करायची, परत घडी घालायची. मी बोटही लावणार नाही. भांडण झालं तर गाडी नाही. आजवर चार जोडपी परत पाठवली. मागचे दोघं तर चौथ्या दांडीला वकिलापर्यंत पोचले.”

“आम्ही भांडत नाही,” मी म्हणाले.

बाईंनी वेसलकडे बघितलं. वेसलनं आकाशाकडे.

आधी कॉफी, मग परीक्षा, असा क्रम होता. स्वयंपाकघर लहान, ऊबदार, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. बाहेर वारा पिसाळला होता आणि बाईंनी आत तो चिमूटभरही येऊ दिला नव्हता. बेसिनमध्ये घडीगाडीची सगळी प्लॅस्टिकची ताटं-कप भिजत पडले होते. ते गरम पाण्यात धुवूनच त्या आम्हाला देणार होत्या. बेसिनच्या वर भिंतीला एक छोटा गॅस गीझर लटकलेला, नळ सोडला की भप्प करून पेटणारा.

“चार दिवस डोकं धरलंय नुसतं,” बाई कपाळ दाबत म्हणाल्या. “हा वारा. रोज धुते आहे मी ही भांडी, कोणी ना कोणी बघायला येतंय म्हणून. येतात, भांडतात, जातात.”

मग त्यांनी बिस्किटांचा डबा आणला. निळा, पत्र्याचा. उघडला, प्रत्येकापुढे धरला, प्रत्येकानं एक घेतलं, आणि टक् करून झाकण लागलं. त्या टक् नंतर आमच्या देशात कोणी डब्याकडे बघत नाही. बघणं हेच वाईट वळण. मी सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा चुकून बघितलं होतं, ते सासूबाई अजून काढतात.

फेनाला नवं यंत्र बघायचं होतं. मलाही दाखवायचं होतं, खरं सांगायचं तर. मी खोका उघडला, बॅटरी घातल्या, ते टेबलावर साखरेच्या भांड्याशेजारी ठेवलं. हिरवा दिवा लुकलुकला. फेनानं टाळ्या पिटल्या. बाई परत बेसिनकडे वळल्या आणि नळ सोडला. आम्ही कॉफी पीत बसलो. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

मग ते ओरडलं.

असलं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. दात दुखायला लागले. फेनानं कानांवर हात ठेवून रडायला सुरुवात केली, वेसलच्या कपातली कॉफी त्याच्या मांडीवर गेली, आणि रूल्फीनबाई हळूच वळल्या.

“काय म्हणतंय ते?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” वेसल घाईनं म्हणाला. “नवीन आहे. तंबूसाठीचं आहे हो, घरात आल्यावर गोंधळलं असेल.”

“वाफेनं होतं का तसं?” मी म्हणाले. “माहितीपत्रकात बघते.”

“म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात विष आहे, असं म्हणतंय?”

“नाही नाही, बाई, तसं नाही,” मी म्हणाले.

“हा गीझर माझ्या नवऱ्यानं लावला. सदतीस वर्षं झाली. नवरा गेला, गीझर चालू आहे.” त्यांनी ओले हात एप्रनला पुसले. “ज्यांना माझ्या स्वयंपाकघराची भीती वाटते, त्यांनी माझ्या गाडीत झोपू नये. सरळ आहे.”

वेसलनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत आहे. झोपाळ्याचे नट आवळताना तो तसा बघतो. त्या नजरेत राग नसतो. थकलेली माया असते, आणि ती रागापेक्षा जास्त लागते. आणि मला एकदा, आयुष्यात एकदा, ती बाई व्हायचं नव्हतं. जिच्यापायी पार्टी लवकर संपते ती. शिवाय गाडी मला हवी होती. खिडकीतून दिसली होती. फिकट नारिंगी, कोपरे अजून धारदार.

मी यंत्र उलटं केलं आणि बॅटरी काढल्या. शांतता झाली. बॅटरी कोटाच्या खिशात टाकल्या.

“झालं,” मी म्हणाले. “जरा जास्तच हुशार आहे ते.”

“तशी माणसंही असतात,” बाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीसुद्धा.

बाहेर वारा होता म्हणून फेनाला आत बाईंजवळ ठेवलं. हेही मीच ठरवलं. सर्दी होईल म्हणून.

ती गाडी उभी करायला आम्हाला पाऊण तास लागला. न भांडता तंबू उभा करणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आम्ही दोघं वधू-वर मेळाव्यात भेटल्यासारखे बोलत होतो.

“वेसल, प्रिय, ती दांडी तू माझ्या पायावर ठेवली आहेस.”

“माफ कर हं, राजा. मला वाटलं ते गवत आहे.”

“गवताला बूट नसतात.”

“बाई बघताहेत. हस.”

मी हसले. खिडकीच्या वाफेत फेनानं बोटानं एक गोल पुसला होता आणि त्यातून ती हात हलवत होती. तिच्या हातात बिस्किट होतं. मागे बाईंची निळी पाठ, बेसिनवर वाकलेली, हलकी डोलणारी. मला वाटलं, गाणं म्हणत असतील. थोड्या वेळानं परत बघितलं तर बाईंच्या हातात निळा डबा होता आणि त्या तो फेनापुढे धरत होत्या. मग परत एकदा. मला बरं वाटलं. पोरगी आवडलेली दिसते, मी मनात म्हटलं. म्हणजे गाडी आपली.

घडी घालून होईपर्यंत बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

“भांडला नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज जड. “मला वाटलं होतं भांडाल. न्या. न्या आता, मला जरा पडायचंय. कप राहिलेत, तेवढे धुते मग.”

“कप नाही धुतले तरी चालतील,” मी म्हणाले.

“न धुतलेलं माझ्या घरातून जात नाही.” आणि त्या आत गेल्या. आत वळताना त्यांचा खांदा चौकटीला लागला. मी बघितलं. मी सगळं बघत असते, हाच तर माझा दोष सांगतात सगळे. बघितलं, आणि मोटारीत जाऊन बसले. कप त्या आठवडाभरात पाठवणार होत्या.

चार-पाच किलोमीटर गेलो असू. वेसल शीळ घालत होता. मागची घडीगाडी आज्ञाधारकपणे येत होती.

“आई,” फेना म्हणाली. “माझं डोकं मोठं झालंय.”

मी मागे वळले. तिचा चेहरा पिठासारखा. मी घडीची बादली पुढे केली आणि ती वेळेवर पोचली, एवढंच त्या दिवशीचं माझं कर्तृत्व.

“तीन बिस्किटं,” वेसल आरशातून बघत म्हणाला. “मी मोजली. जेवणाआधी तीन लोण्याची बिस्किटं. काय होणार दुसरं?”

“तीन,” मी म्हणाले.

“हो ना. बाईंनी लाडच केले.”

“वेसल, तीन.”

“अगं, ऐकलं मी.”

“नाही ऐकलंस. त्या बाई किती वर्षांच्या? एकोणऐंशी. कुठल्या? इथल्याच, बटाट्याच्या गावातल्या. तुझ्या आईनं कोणाला दुसरं बिस्किट दिलेलं आठवतंय तुला?”

“आई? छे. कोणालाच नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा...” तो थांबला.

“माया आली म्हणून त्या डबा तीनदा उघडणार नाहीत. आधी दिलेलं आठवत नव्हतं म्हणून उघडला. वेसल, त्या डोलत होत्या. चौकटीवर आपटल्या. चार दिवस डोकं धरलंय.” माझा हात खिशात गेला होता आणि बॅटरी हाताला लागत होत्या. “गाडी थांबव.”

त्यानं थांबवली. हे मला नोंदवायचं आहे. एक शब्द न बोलता थांबवली.

एकशे बारा लावला. फोनवरच्या बाई शांत होत्या, इतक्या की मला त्यांना मारावंसं वाटलं. “मुलीला मोकळ्या हवेत ठेवा. एक अँब्युलन्स तुमच्याकडे, एक त्या घरी. अग्निशमनवालेही निघताहेत. आणि तुम्ही त्या घरात शिरायचं नाही. कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले. कळलं होतंच.

रूल्फीनबाईंचा फोन लावला. वाजत राहिला. वेसलनं गाडी वळवायला घेतली, पण मागे डबा जोडलेला, रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. मागे घेताना डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की डबा उजवीकडे जायचा.

“उलटं! उलटं फिरव!”

“उलटंच फिरवतोय! तू उतर आणि दाखव!”

“काय दाखवू? सोड तो डबा!”

न भांडता मिळवलेली ती गाडी आम्ही तारस्वरात भांडत सोडवली आणि रस्त्याच्या कडेला ढकलून दिली. वेसल फेनाला कोटात गुंडाळून तिच्याच झाकणावर बसला. फेनाच्या चेहऱ्यावर वाऱ्यानं थोडा रंग आला होता. “जा,” तो म्हणाला. “ही बोलतेय माझ्याशी. जा तू.” पोरीला तशी सोडून जाणं मला जमेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जमलं. त्याबद्दल नंतर रडले.

मागचं दार उघडंच होतं. दारातूनच पाण्याचा आवाज ऐकू आला. नळ चालू होता.

“रूल्फीनबाई! बाहेर या!”

उत्तर नाही. मी आत शिरायला नको होतं. तुम्ही शिरू नका, असं मी कोणालाही सांगेन, आणि माझ्याजागी असाल तर शिराल हेही मला माहीत आहे. छातीत श्वास भरला, तोंड मिटलं आणि गेले. त्या टेबलाशी बसल्या होत्या, गाल टेबलावरच्या मेणकापडावर, एका हातात प्लॅस्टिकचा पिवळा कप. गीझरच्या खिडकीत ज्योत कपासारखीच पिवळी, आळशी. नळ बंद केला. ज्योत मेली. स्वयंपाकघराची खिडकी ओढली तर ती रंगानं घट्ट चिकटलेली. माझ्या हातात रबरी हातोडा होता, गाडीतून कधी उचलला ते आठवत नाही. रबरी हातोड्यानं काच फुटत नाही. पहिल्या घावाला नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला फुटली.

मग बाईंना काखेत धरून ओढलं. हाडकुळ्या दिसतात, पण वजनाला बटाट्याचं पोतं. दाराच्या उंबऱ्यापाशी त्यांनी डोळे किलकिले केले.

“बूट,” त्या पुटपुटल्या.

मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“बूट घालून आलीस. माझ्या फरशीवर.”

तेव्हा मी श्वास सोडला.

त्या भागात अग्निशमनवाले स्वयंसेवक असतात, हातातलं काम टाकून घरून धावत येतात. एकाच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच होता. त्यांनी आत पाऊल टाकताच त्यांच्या यंत्रानं माझ्या यंत्राची आठवण यावी असा आवाज काढला. फेसवाला थोड्या वेळानं बाहेर आला तो चिमटीत एक करडा लोकरी मोजा धरून.

“हवेच्या जाळीत कोंबला होता,” तो म्हणाला. “गीझरला धुराडं नाही, खिडकी उघडत नाही, आणि हवा यायची एकच वाट, तिच्यात हा. अजून अर्धा तास आणि...” गवतावर तोंडाला ऑक्सिजन लावून पडलेल्या बाईंनी डोळे फिरवून मोज्याकडे बघितलं.

“टाकू नका,” त्या मास्कमधून म्हणाल्या. “चांगला आहे तो.”

आसनच्या इस्पितळात फेना आणि बाई एकाच खोलीत होत्या. दोघींच्या नाकाला नळ्या. फेनाला ते फार आवडलं, ती हत्ती झाली होती. डॉक्टर म्हणाले, मुलगी वेळेवर बाहेर पडली, उद्या सकाळी घरी न्या, आजींना दोन-तीन दिवस ठेवू, वय आहे. वेसल फेनाजवळ बसला. मी खुर्ची बाईंच्या पलंगाकडे ओढली. मला सांगायचं होतं. ते सांगितल्याशिवाय मला तिथून उठता येणार नव्हतं.

“बाई, त्या यंत्राला कळलं होतं. मी बॅटरी काढल्या.”

“बघितलं मी.”

“मला कळायला हवं होतं. मी ते घेतलंच त्यासाठी. पण मला वाटलं, तुम्ही गाडी देणार नाही. गाडीसाठी काढल्या मी.”

नळीतून हवा सूं सूं करत होती.

“तंबू गळतो,” त्या म्हणाल्या.

“अं?”

“डावा मागचा कोपरा. मुलाच्या पलंगावर बरोबर. एकोणीस वर्षं गळतोय. मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलं नाहीत. चार जोडप्यांनी विचारलं, त्यांना भांडखोर म्हणून घालवलं.” त्यांनी डोळे मिटले. “आता रडू नकोस, पोरी. नाक गळतंय तुझं, तेही डावीकडून.”

पलीकडून वेसल हसला, मग मी, मग हत्ती. नर्स येऊन रागावली.

पण मी हसून सोडून दिलं असं समजू नका. एक आठवडा मी झोपले नाही. वेसल रात्री उठायचा तेव्हा मी फेनाच्या पलंगाशी तिच्या नाकापुढे बोट धरून बसलेली असायचे, आणि तो आता तसा बघत नाही. शेजारी बसतो. एकदा म्हणाला, “तू सगळं बघतेस आणि मी तुला हसतो, असं ठरलेलं आहे आपलं. पण मी हसलो म्हणून तू थांबायचं नाहीस. नाहीतर मी कशाच्या जिवावर हसू?” लग्नाला सात वर्षं झाली. इतकं शहाणं वाक्य त्याच्याकडून पहिलंच.

गॅसवाल्यांनी रूल्फीनबाईंचा गीझर उतरवला आणि विजेचा लावून दिला. खिडकीला नवी काच आली, ती उघडते. इथवर छान आहे. पण बैठकीच्या खोलीत गॅसचाच जुना हीटर आहे आणि तो पुढच्या वर्षी बदलू असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मी त्यांना माझं यंत्र देऊन आले, बॅटरीसकट. पुढच्या वेळी गेले तर ते ड्रॉवरमध्ये, भांडी पुसायच्या फडक्यांखाली. “सारखं डोळा मारतं मला,” म्हणे. मी काढून परत भिंतीला लावलं. दर बुधवारी मी जाते. दर बुधवारी ते ड्रॉवरमध्ये असतं. आणि मागच्या बुधवारी बैठकीच्या जाळीत एक तपकिरी मोजा होता.

“जून आहे, बाई! उन्हाळा आहे!”

“उन्हाळ्यात वारा नसतो वाटतं?”

आता अडचण अशी की आठ जुलैपासून एकोणतीस जुलैपर्यंत आम्ही फ्रान्सला असू. गळका कोपरा वेसलनं शिवलाय आणि तिथे तोच झोपणार आहे. त्या तीन आठवड्यांत बाईंकडे बुधवारी कोणी नाही. त्यांचा मुलगा कॅनडात असतो, फोन करतो, पण फोनवरून मोजा दिसत नाही. शेजाऱ्यांशी त्या कुंपणावरून बोलत नाहीत, कुंपणाबद्दल भांडण आहे म्हणून.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल, तर कृपा करून जाऊन या. ओस्टरलो, चर्चच्या पुढचं तिसरं घर, हिरव्या पट्टीचं. मागच्या दारानं जा, बूट काढा. आधी फोन करू नका, केलात तर त्यांना सगळं लपवायला वेळ मिळतो. काहीतरी विकत घ्यायला आलोय म्हणा, त्यांच्याकडे अजून दोन घडीच्या खुर्च्या आणि एक कंदील आहे. बोलता बोलता बैठकीत डोकवा. खिडकीखाली उजवीकडे जाळी आहे, हात लावून बघा हवा येते का. येत नसेल तर आत जे असेल ते ओढून काढा आणि सरळ तुमच्या पिशवीत टाका. यंत्र भिंतीवर नसेल तर ड्रॉवर उघडा. त्या फार बडबडतील. बडबडू द्या, पण त्यांचा रंग बघा, चालताना तोल बघा, आणि डोकं दुखतंय का ते विचारा. वारा आहे म्हणाल्या तर ऐकू नका.